चार इनपुटच्या जुन्या धाटणीच्या ट्यूब अॅम्पवर दोन चॅनेल जोडताना

जिम मार्शल यांच्या लंडनमधील हॅनवेलच्या दुकानातून १९६२ साली जो पहिला गिटार अॅम्प्लिफायर तयार होऊन निघाला, तो फेंडरच्या ५एफ६-ए बासमनच्या आराखड्यावर बेतलेला होता, आणि दोन चॅनेल (सिग्नलच्या दोन वाटा, प्रत्येकीचा व्हॉल्यूम वेगळा) व चार इनपुट ही मांडणीही त्याच आराखड्यातून आली. एकाच अॅम्पवर दोघांना वाजवता यावे, हा अशा मांडणीचा मूळ उपयोग. एकट्या वादकाने दोन्ही चॅनेल एकत्र वापरायचे ठरवले, तर त्यासाठी लागते ती फक्त वीतभर लांबीची एक पॅच केबल. पुढील विवेचन मार्शलच्या '१९५९ सुपर लीड' या शंभर वॅटच्या अॅम्पला धरून केले आहे. (नावातील १९५९ हा नमुना क्रमांक आहे, वर्ष नव्हे, हा अॅम्प बाजारात आला तो १९६५ साली.) त्याच बांधणीच्या इतर अॅम्पनाही ते लागू पडते.

सुरुवातीला स्पीकर जोडलेला आहे याची खात्री करावी, कारण स्पीकरविना चालवलेल्या ट्यूब (निर्वात नळ्यांच्या) अॅम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अमेरिकी बाजारासाठी बनलेला जुना अॅम्प असेल, तर आपल्याकडील २३० व्होल्टला तो थेट जोडू नये; मध्ये पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. दोन्ही व्हॉल्यूम शून्यावर आणून मगच केबल लावाव्यात. या कामासाठी अॅम्प उघडावा लागत नाही आणि तो उघडूही नये, कारण आत चारशे व्होल्टहून अधिक दाब असतो आणि अॅम्प बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये तो काही काळ टिकून राहू शकतो.

प्रत्येक चॅनेलला हाय (अधिक संवेदनशील) आणि लो (कमी संवेदनशील) असे दोन जॅक असतात. गिटारची केबल पहिल्या, म्हणजे हाय ट्रेबल चॅनेलच्या हाय जॅकमध्ये लावावी. पॅच केबलचे एक टोक त्याच चॅनेलच्या लो जॅकमध्ये आणि दुसरे टोक नॉर्मल चॅनेलच्या हाय जॅकमध्ये घालावे. चार जॅक चौकोनात बसवलेले असल्यामुळे ही केबल तिरकी जाते. ती गिटारसाठी वापरतात तशी शील्ड असलेलीच असावी. स्पीकरच्या तारेचा तुकडा लावल्यास घरघर ऐकू येईल.

लो जॅक हाही इनपुटच असताना त्यातून सिग्नल बाहेर कसा येतो, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. चॅनेलच्या दोन्ही जॅकपासून ६८ किलोओहमचा एकेक रेझिस्टर निघतो आणि ते दोन्ही पहिल्या ट्यूबच्या ग्रिडवर, म्हणजे सिग्नल ट्यूबमध्ये शिरतो त्या टोकावर, एकत्र येतात. लो जॅकमध्ये प्लग शिरला की त्या जॅकमधील स्विच उघडतो, आणि हाय जॅकमधून आलेला सिग्नल एका रेझिस्टरमधून ग्रिडपर्यंत जाऊन दुसऱ्यातून उलट दिशेने लो जॅकवर पोहोचतो. तेथून तो दुसऱ्या चॅनेलमध्ये शिरतो. या प्रवासात त्याची तीव्रता किंचित घटते. शिवाय गिटारला एरवी एक मेगओहमचा भार दिसतो, तो आता सुमारे अर्ध्या मेगओहमवर येतो, त्यामुळे पिकअपच्या आवाजाची वरची धार थोडी बोथट होते. सुपर लीडवर हा तोटा नसून सोय आहे, असे मला वाटते. वाय केबल (एका टोकाची दोन टोके करणारी केबल) लावून दोन्ही हाय जॅकना गिटार थेट जोडली, तर मधले रेझिस्टर टळतात, मात्र भार तेवढाच राहतो.

आता खरे काम, म्हणजे दोन व्हॉल्यूमचे प्रमाण ठरवणे. जोडणी केली म्हणजे अॅम्प दुप्पट मोठा वाजेल, ही अपेक्षा सोडून द्यावी आणि या दोन बटणांकडे स्वराचा पोत ठरवणारी बटणे म्हणून पाहावे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धातील लीड नमुन्यांत ट्रेबल चॅनेलचा कपलिंग कॅपॅसिटर ०.००२२ मायक्रोफॅरडचा असतो, तर नॉर्मल चॅनेलचा त्याच्या दहापट, ०.०२२ मायक्रोफॅरडचा, त्यामुळे पहिल्यातून खर्ज आधीच गाळला जातो आणि दुसऱ्यातून तो भरपूर येतो. ट्रेबलच्या व्हॉल्यूमवर एक ब्राइट कॅपॅसिटरही असतो, जो बटण खाली असताना उच्च स्वरांना मोकळी वाट देतो. म्हणूनच तीनवर ठेवलेला हा चॅनेल एकटा ऐकला तर कानात सुई टोचल्यासारखा वाटतो. बटण जसे वर जाते तसा त्या कॅपॅसिटरचा प्रभाव मावळत जातो.

म्हणून नॉर्मल शून्यावर ठेवून आधी ट्रेबल चॅनेल चार-पाचपर्यंत न्यावा, बेस, मिडल व ट्रेबल मध्यावर ठेवावेत, आणि मग जाड तारांवर एखादा पॉवर कॉर्ड (दोन स्वरांची जोडी) वाजवत नॉर्मल हळूहळू वाढवावा. सुरुवातीला स्वराला अंग येते, मग तो छातीवर जाणवू लागतो, आणि एका टप्प्यानंतर जाड तारांचा आघात पिठूळ होऊन प्रत्येक ठोका पुढच्यात मिसळू लागतो. तो टप्पा दिसला की बटण थोडे मागे घ्यावे. हंबकर (दोन कॉइलच्या) पिकअपच्या गिटारला नॉर्मल बराच कमी पुरतो. सिंगल कॉइलच्या गिटारला अनेकदा दोन्ही बटणे बरोबरीने चालतात. टोनची बटणे शेवटी हलवावीत, कारण ती दोन्ही चॅनेलना सामायिक आहेत आणि चॅनेल एकत्र झाल्यानंतर येतात. चॅनेलचे प्रमाण चुकले असेल तर ती फार मदत करत नाहीत. इतक्या आवाजात शंभर वॅट फ्लॅटमध्ये वाजवणे अशक्यच, तेव्हा स्पीकरच्या आधी अॅटेन्युएटर (अॅम्पची ताकद शोषून आवाज कमी करणारे उपकरण) लावणे भाग आहे. पॅडल (पायाने चालवायची इफेक्टची उपकरणे) असतील तर ती गिटार आणि पहिल्या जॅकच्या मध्येच राहतील.

ही युक्ती प्रत्येक जुन्या अॅम्पवर चालत नाही. बासमन आणि मार्शलमध्ये दोन्ही चॅनेलचा सिग्नल मिसळण्यापूर्वी एकेकाच ट्यूब-टप्प्यातून उलटतो, त्यामुळे दोन्ही लाटा एकाच दिशेने चालतात. फेंडरच्या ट्विन रिव्हर्बमध्ये मात्र नॉर्मल चॅनेलला दोन आणि व्हायब्रेटो चॅनेलला तीन टप्पे असतात. तेथे दोन्ही जोडल्यास लाटा परस्परविरुद्ध होऊन एकमेकींना खातात आणि दुसरे बटण वाढवताच आवाज भरण्याऐवजी पातळ होतो. अशा अॅम्पवर दोन्ही चॅनेल हवेच असतील, तर एका बाजूचा फेज (लाटेची दिशा) उलटवणारा स्विच असलेला ए-बी-वाय बॉक्स, म्हणजे गिटारचा सिग्नल दोन वाटांना पाठवणारी पेटी, मध्ये लावावा.