ग्राफिक कार्ड लावलंय पण डिस्प्ले गंडलाय? आधी अडतंय कुठं ते शोधा

नवीन ग्राफिक कार्ड टाकलं किंवा जुनं काढून दुसऱ्या कंपनीचं बसवलं, आणि मग स्क्रीन काळीच राहते, नाहीतर आयकॉन हे एवढे मोठे दिसतात आणि रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ च्या वर जातच नाही. अशा वेळी बरेच जण सरळ विंडोज नाहीतर लिनक्स नव्याने टाकायला बसतात. प्लीज तसं करू नका, अख्खा दिवस जातो आणि प्रॉब्लेम बऱ्याचदा आहे तिथंच राहतो. आधी एवढंच बघा की मशीन चालू केल्यापासून स्क्रीन नक्की कुठल्या टप्प्याला बिघडते.

मदरबोर्डचा लोगोच आला नाही तर ऑपरेटिंग सिस्टिमचा काही संबंध नाही, ती अजून सुरूच झालेली नाही. केबल कुठं लावलीये बघा. कार्डाच्या पोर्टला लावायची सोडून मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावलेली असते, हे फार कॉमन आहे, आणि कार्ड सापडलं की बरेच बोर्ड ऑनबोर्ड ग्राफिक्स आपोआप बंद करतात. शिवाय इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ आहे त्यात ऑनबोर्ड ग्राफिक्स नसतंच, रायझन ५६००एक्समध्येही नाही, तिथं मदरबोर्डच्या पोर्टवर काही दिसणारच नाही. मग पॉवर. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, कार्डावर ६ किंवा ८ पिनचं सॉकेट असेल तर ती वायर लावलीच पाहिजे. आणि कार्ड बरंच जुनं असेल तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, सीएसएम ही जुन्या पद्धतीने बूट करायची सोय चालू करून बघा, कारण काही जुन्या कार्डांना यूईएफआय ही नवी बूट पद्धत कळत नाही आणि सीएसएम बंद असलं की ती चित्रच देत नाहीत.

लोगो व्यवस्थित आला आणि डेस्कटॉप यायच्या वेळी स्क्रीन गेली, तर मात्र ड्रायव्हरवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला कार्ड चालवायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरवर, संशय घ्यायचा.

विंडोजमध्ये आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होतो, कधीकधी तेवढ्यावरच भागतं. नाही भागलं तर सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरवर विंडोज चालू करून, डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि व्ह्यू मेनूमधून हिडन डिव्हाइसेस दाखवा. काढून टाकलेलं जुनं कार्ड तिथं फिकट अक्षरात अजून बसलेलं दिसेल, ते अनइन्स्टॉल करा, ड्रायव्हरसकट. कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण असेल तर डबल क्लिक करून कोड वाचा. कोड १२ म्हणजे दोन डिव्हाइस एकाच रिसोर्सवर (मेमरीचे पत्ते वगैरे) हक्क सांगतायत किंवा रिसोर्स पुरत नाहीयेत, तिथं बायोस अपडेट करणं किंवा नको असलेलं दुसरं डिव्हाइस बंद करणं हा मार्ग. कोड ४३ म्हणजे डिव्हाइसने स्वतःच गडबड कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं. आणि नुसतं मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर दिसत असेल तर कार्ड सापडलंय पण त्याचा खरा ड्रायव्हर लागलेला नाही. नवा ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून ठेवा आणि जुना काढताना नेट बंद ठेवा, नाहीतर विंडोज अपडेट मधेच त्याला हवा तो ड्रायव्हर आणून बसवतं आणि तुम्ही गोंधळून जाता.

लिनक्सवाल्यांसाठी थोडं जास्त सांगतो, कारण तिथं मशीन सगळं स्वतःच सांगतं, फक्त वाचायला पाहिजे. डेस्कटॉप येत नसेल तर ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू होण्याआधी येणाऱ्या मेनूत ई दाबा, linux या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (nomodeset) लिहा आणि बूट करा, हे फक्त त्या एका बूटपुरतं असतं. मग टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही कमांड डॅश के लावून (lspci -k) चालवा. प्रत्येक कार्डाखाली कुठला कर्नल ड्रायव्हर वापरात आहे ते येतं. एनव्हिडियाच्या कार्डाखाली नुव्हो (nouveau), म्हणजे लिनक्ससोबत येणारा ओपन सोर्स ड्रायव्हर दिसतोय आणि तुम्ही तर कंपनीचा ड्रायव्हर टाकलाय, म्हणजे भांडण सापडलं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, एका कार्डावर एका वेळी एकच ड्रायव्हर बसतो. नुव्हो ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे लोड करू नको असं कर्नलला सांगा, आणि त्यानंतर इनिटरामएफएस (initramfs), म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांचं गाठोडं, नव्याने बनवायला विसरू नका, ते राहिलं की नुव्हो बूटच्या सुरुवातीलाच येऊन बसतो आणि ब्लॅकलिस्ट काम करत नाही असं वाटत राहतं. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल लोडच करत नाही, तेही तपासा.

अजून एक जागा म्हणजे एक्सऑर्गची, म्हणजे लिनक्सवर स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रामची, जुनी कॉन्फिग फाईल. त्यात बसआयडी, म्हणजे कार्डाचा पत्ता लिहिलेला असतो आणि कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये गेलं की तो पत्ता बदलतो, मग एक्सऑर्ग रिकाम्या घराचं दार वाजवत बसतं. त्यातही गंमत अशी की एलएसपीसीआय पत्ता हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या आकड्यांत दाखवतं आणि फाईलला साधे दशमान आकडे लागतात, म्हणजे ०ए:००.० दिसलं तर फाईलमध्ये पीसीआय:१०:०:० असं लिहायचं. पण मी म्हणेन ती फाईल सरळ नाव बदलून बाजूला ठेवा, आजकाल बहुतेक मशीनना ती लागतच नाही.

ड्रायव्हर बरोबर आहे आणि तरी रिझोल्यूशन कमीच, तर मॉनिटरकडे वळा. मॉनिटर आपली माहिती ईडीआयडी नावाच्या छोट्या ब्लॉकमधून पाठवतो, मूळ ब्लॉक फक्त १२८ बाइटचा, आणि मधे केव्हीएम स्विच (एकच मॉनिटर दोन मशीनना वापरायची डबी) किंवा स्वस्तातला कन्व्हर्टर असला की ती कधीकधी पोचतच नाही. मधलं सगळं काढून एक सरळ केबल लावून बघा.

आणि एवढं सगळं करूनही कोड ४३ जात नसेल तर कार्ड दुसऱ्या चालू मशीनमध्ये लावून बघा, तिथंही तोच कोड आला तर ड्रायव्हरच्या मागे लागणं थांबवा, कार्डच बिघडलंय.