बाटलीवरची कालवड: नफा खाणाऱ्या या चुका टाळा

गाभण संकरित कालवड विकत घ्यायला गेलं की भाव ऐकूनच घाम फुटतो. तीच कालवड आपल्या गोठ्यात जन्मली, की मात्र डेअरीला घालून उरलेल्या दुधावर वाढते. हिशेब करून बघा. तिला रोज 4 लिटर दूध, 60 दिवस, म्हणजे 240 लिटर. लिटरला 30 रुपये धरले तर 7,200 रुपये. यातलं निम्मं दूध वाचवलं तर 3,600 रुपये हातात दिसतात खरे, पण कालवड खुरटते, माजावर यायला उशीर करते आणि तेवढे महिने तिला फुकट पोसावं लागतं. ते पैसे कुठल्याच वहीत लिहिलेले नसतात, म्हणून कुणाला खुपत नाहीत.

चीक: वार पडायची वाट कशाला?

वार (जार) पडल्याशिवाय चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध, काढायचा नाही, ही समजूत बऱ्याच गावांत अजून घट्ट आहे. वार पडायला कधी कधी आठ-दहा तास लागतात आणि वासराला तेवढा वेळ नसतो. पोटात असताना आईची रोगप्रतिकारशक्ती गाईच्या वासराच्या रक्तात उतरत नाही, ती चिकातूनच मिळते. आतडं ती जशीच्या तशी शोषून घेतं तेही पहिले काही तासच. बारा तासांनी शोषण फार घटतं, 24 तासांनी जवळजवळ थांबतं. 35 किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत दोन लिटर आणि सहा-आठ तासांच्या आत आणखी दीड-दोन लिटर चीक गेलाच पाहिजे. धार काढल्याने वार अडकत नाही. उलट पान्हा सुटला की गर्भाशयही आकुंचन पावतं.

दुसरी अडचण खरवसाची. चीक शेजारीपाजारी वाटायची रीत चांगलीच आहे, पण पहिली धार वासराची. दुसऱ्या-तिसऱ्या धारेचाही खरवस होतो, वडी जरा सैल पडते एवढंच. चांगल्या गाईचा जादा चीक एक-एक लिटरच्या बाटल्यांत फ्रीझरला ठेवा, अडल्यावेळी उपयोगी पडतो. तो वितळवायचा मात्र कोमट पाण्यात. उकळत्या पाण्यात बाटली ठेवलीत तर आतच खरवस होईल.

जन्मल्याबरोबर नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. हळद-तेलावर भागवू नका. आठवड्याभरात बेंबी सुजली, गुडघे फुगले, वासरू लंगडायला लागलं, तर रोग नाळेतून शिरला असं धरून लगेच डॉक्टरला बोलवा.

बाटली धरायची कशी

वासरू हळू पितं म्हणून निपलचं भोक ब्लेडने मोठं करतात. ही चूक सगळ्यात महागात पडते. दूध भसाभसा येतं, वासराला गिळता येत नाही आणि ते फुप्फुसात जातं. बाटली उलटी धरून बघा: दूध थेंब-थेंब गळावं, धार लागू नये. वासरू उभं असावं, मान पुढे ताणलेली, तोंड आईच्या सडाला लागतं साधारण तेवढ्याच उंचीवर. आडव्या पडलेल्या वासराच्या नरड्यात नळकांड्याने दूध ओतू नका. चोखताना अन्ननलिकेची खाच मिटते आणि दूध कोटीपोटाला, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्याला, वगळून थेट चौथ्या कप्प्यात जातं. ओतलेलं दूध कोटीपोटात पडून आंबण्याची शक्यता जास्त. पाजल्यावर खोकला, नाकातून दूध, दोन दिवसांनी ताप आणि धाप दिसली, तर आधी निपल तपासा.

दूध 38-39 अंश असावं. थंडीतल्या पहाटे बादलीतलं गार दूध देऊ नये. वेळाही रोज त्याच ठेवा. मिल्क रिप्लेसर (दुधाऐवजी पाण्यात कालवून द्यायची पावडर) वापरत असाल तर पाकिटावरचं प्रमाण वजन करूनच घ्या. पावडर पुरवण्यासाठी पातळ केलेलं रिप्लेसर म्हणजे पांढरं पाणी. स्तनदाहाचं किंवा अँटिबायोटिक चालू असलेल्या गाईचं दूध वासराला घालणं ही काटकसर नव्हे.

हगवण लागली की

दूध बंद करणं ही इथली नेहमीची चूक. वासरू जुलाबाने मरतं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि क्षार गेल्याने. दूध थोडं-थोडं चालू ठेवा आणि दोन दुधांच्या मध्ये वासरांचं इलेक्ट्रोलाइट (क्षारांची पावडर) कोमट पाण्यातून पाजा. दुधात कालवू नका. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच जागेवर आली नाही, डोळे खोल गेलेत, तोंडात बोट घातलं तर आत गार लागतंय आणि वासरू चोखत नाही, तर सलाईनची वेळ आलेली आहे. शेणात रक्त असेल, विशेषतः तीन आठवड्यांपुढच्या वासरात, तर कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीचा संशय घ्या. म्हशीच्या पारड्यांना गोलकृमी आईच्या दुधातूनच येतात, म्हणून त्यांचं पहिलं जंतनाशक 10-14 दिवसांचं असतानाच डॉक्टरांना विचारून द्या.

दुधावर आहे म्हणून पाणी न ठेवणं चूकच. पहिल्या आठवड्यापासून स्वच्छ पाणी आणि मूठभर काफ स्टार्टर (लहान वासरांचा खुराक) समोर असावं. हिरव्या चाऱ्याची घाई नको, पोटाचा नगारा होतो आणि अंग भरत नाही. रोज किलोभर स्टार्टर खायला लागल्याशिवाय दूध तोडू नका. दूध प्यायल्यावर वासरं एकमेकांची बेंबी आणि सड चोखतात, तेव्हा अर्धा तास वेगळी बांधा.

विकत घेताना

लोणी, काष्टी या गावांसारख्या जनावरांच्या बाजारातून चार दिवसांची वासरं स्वस्तात आणून बाटलीवर वाढवायचा बेत अनेकजण करतात. त्या वासरांनी चीक प्यायला की नाही हे विकणारा सांगेल ते खरं. घेतलीच तर दोन-तीन आठवडे घरच्या वासरांपासून लांब, वेगळ्या बाटलीवर ठेवा. खोंड घेऊन नफ्याचं गणित मांडू नका. 2015 पासून महाराष्ट्रात बैल-खोंडांच्या कत्तलीवरही बंदी आहे आणि होल्स्टिन या विदेशी दुधाळ जातीच्या खोंडाला औताला कुणी विचारत नाही. स्वतःच्या गाईंना लिंगवर्गीकृत वीर्य वापरलं तर साधारण 90 टक्के कालवडी होतात, तो मार्ग बरा. आणि कालवड जुळ्यातली आहे का, सोबतचं भावंड खोंड होतं का, हे नक्की विचारा. अशा दहातल्या नऊ कालवडी उपजत वांझ निघतात. दिसायला ती चांगली असते, खाते-पिते, वाढते. फक्त कधी गाभण राहत नाही.