वन्यजीव चित्रीकरणाच्या कोर्सला परदेशी निघताना

नवी लेन्स नंतर घ्या, आधी हात बसवा. फ्लुइड हेडचा (कॅमेरा झटका न देता सावकाश फिरवणाऱ्या माथ्याचा) ट्रायपॉड लावून रोज एखाद्या खारीच्या मागे लागा. ती फ्रेममधून निसटतेच. म्हणून ती जाईल त्या बाजूला आधीच जागा सोडायची. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंदावर ठेवा. ऊन वाढलं की एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, लेन्सवर लावा, शटरला हात लावू नका.

सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच, टोकांना चिकटपट्टी लावून. १०० वॉट-अवरच्या वर असतील तर विमान कंपनीची परवानगी आधी काढा. सामानाचे सिरियल नंबर लिहून ठेवा, कस्टम्सला लागतात.

बूट मात्र आधी घालून रुळवूनच न्या. करकरीत बूटवाला पहिल्याच दिवशी लंगडतो, मी शिकवताना दरवेळी बघते. वेल्क्रोचं जाकीटही नको. त्या खर्रकन आवाजाने हरीण पळतं, आणि साउंडवाला चिडतो ते वेगळंच.