कंटेनरच्या रांगेत इंजिन खराब होतं: या चुका टाळा

कळंबोलीत ट्रक इंजिनकामाला आला की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "बोरघाटात जास्त ओढलं." अहो, ओढण्यासाठीच तर ते बनवलंय. माझा संशय आधी न्हावा शेवाच्या रांगेवर जातो.

बंदराबाहेर तीन-चार तास गाडी उभी आणि केबिनच्या एसीसाठी इंजिन चालू. तासाला दोन-तीन लिटर डिझेल जातं, ते निदान हिशोबात दिसतं. काजळी दिसत नाही. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत धूर डीपीएफमधून, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधून, गाळून बाहेर पडतो. तिथे साठलेली काजळी जाळायला, म्हणजे रीजनरेशनला, 600 अंशांच्या आसपास उष्णता लागते. आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, सायलेन्सर तेवढा तापतच नाही. मग डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागतो. ड्रायव्हर तो बघून न बघितल्यासारखं करतो, किंवा रांग हलली म्हणून सुरू झालेलं रीजनरेशन मध्येच तोडतो. असं वारंवार झालं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पॉवर कापतो आणि भरल्या गाडीला साधा उड्डाणपूलसुद्धा घाट वाटायला लागतो. दिवा लागताच मोकळ्या जागी गाडी लावा, हँडब्रेक ओढा आणि रीजनरेशन पूर्ण होऊ द्या. खाली सुकं गवत नाही ना, ते आधी बघा.

दुसरी चूक पैसे वाचवण्याची. खताचा युरिया नळाच्या पाण्यात कालवून डीईएफच्या टाकीत ओततात! डीईएफ म्हणजे धूर साफ करायला वापरतात ते द्रावण; त्यात 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी असतं. खतातली घाण आणि पाण्यातले क्षार नोझल चोंदवतात, धूर साफ करणारा कॅटॅलिस्टही घालवतात. आणि चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलंच, तर चावीसुद्धा फिरवू नका. आधी टाकी रिकामी करून घ्या.

जुन्या पंपाच्या गाडीत कुठला सिलिंडर मेलाय ते बघायला मिस्त्री चालू इंजिनवर इंजेक्टरचा पाइप सैल करायचे. कॉमन रेलवर, म्हणजे एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना दाबाने डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनवर, हे अजिबात नको. तिथे दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, डिझेलची धार कातडीत घुसते. स्कॅनर लावा.

घाट उतरताना न्यूट्रल करून डिझेल वाचतं, हाही भ्रमच. गिअरमध्ये पाय उचलला की इंजेक्शन बंद होतं. न्यूट्रलला आयडलचं डिझेल जळतंच, वर इंजिनब्रेक हातचा जातो.

आयडलला एवढी नावं ठेवली, पण खोपोलीहून चढून वर चहाला थांबलात तर लगेच चावी काढू नका. तीन-चार मिनिटं इंजिन चालू राहू द्या, नाहीतर तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑइल जळून बसतं.

एअर फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारू नका, कागद फाटतो आणि धूळ थेट लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या अस्तराला, लागते.

आपल्याकडच्या पावसाळ्यात डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरचा नळ रोज सकाळी उघडा. आधी पाणी येईल. निव्वळ डिझेल येऊ लागलं की बंद करा.