ब्लूटूथवरचा आवाज फाटतोय? रेडिओला दोष देण्याआधी या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्रीसाठी ब्लूटूथ हेडसेटची बोलण्याची यंत्रणा बसवणारी पोरं उद्यमनगरात माझ्याकडं येतात, तेव्हा तक्रार ठरलेली असते: "सर, भट्टी पेटली की आवाज फाटतोय बघा. हेडसेट बदलला तरी तेच." पहिली चूक इथंच होते: भट्टीनं रेडिओ, म्हणजे हवेतला बिनतारी दुवा, बिघडवला असं धरलं जातं. इंडक्शन भट्टी काहीशे ते काही हजार हर्ट्झवर चालते. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झवर, ७९ चॅनेलांत सेकंदाला १६०० उड्या मारत. भट्टीचा उपद्रव होतो, नाही असं नाही. पण तो बहुतेक वेळा वीजपुरवठ्यातून किंवा कच्च्या अर्थिंगमधून शिरतो आणि गुणगुण होऊन ऐकू येतो.

रेडिओची चूक वेगळी ओळखू येते. ब्लूटूथवर बोलण्याचा आवाज छोट्या पॅकेटांत (पुडक्यांत) जातो. त्यासाठीच्या जुन्या एससीओ जोडणीत हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवलं जात नाही, तिच्या सुधारित रूपात, ईएससीओमध्ये, ठरावीक वेळातच पाठवता येतं. त्यामुळं आवाज मधेच तुटतो, टिकटिक येते, आणि अंतर वाढलं की ते वाढतं. वायफायही २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर जास्तच. पण हेडसेट हातभर अंतरावर असताना सलग घरघर येत असेल, तर रेडिओचा पिच्छा सोडा आणि थेट बाइट बघा.

बघायचं म्हणजे काय, ते एकदा नीट सांगतो, कारण सगळ्यात जास्त वेळ इथं वाया जातो. लिनक्सवर बीटीमॉन (ब्लूटूथची देवाणघेवाण नोंदवणारा प्रोग्रॅम) लावून एचसीआयवरून, म्हणजे ब्लूटूथ चिप आणि संगणक यांच्यातल्या दुव्यावरून, येणारा डेटा फाइलमध्ये घ्या. कोणी बोलत नसताना १६ बिटी नमुने, म्हणजे आवाजाच्या मोजमापाचे दोन-दोन बाइटांचे आकडे, शून्याच्या आसपास असतात. समजा नमुने २ आणि -२ असे आलटून पालटून आहेत. हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) बाइट दिसतील, खालचा बाइट आधी, ०२ ०० एफई एफएफ, पुन्हा ०२ ००. यात एकच बाइट सांडला की जोड्या चुकतात: ०० एफई, एफएफ ०२. म्हणजे २ आणि -२ च्या जागी -५१२ आणि ७६७! शांततेची घरघर झाली, आणि हेडसेट मात्र ठणठणीत आहे. यूएसबी डोंगलवर हे बऱ्याचदा घडतं. नेहमीच्या मांडणीत ३ बाइटांचं हेडर (पॅकेटच्या सुरुवातीची माहिती) आणि ४८ बाइट आवाज, १७-१७ बाइटांच्या तीन तुकड्यांत येतो. हेडर फक्त पहिल्या तुकड्यात असतं. एक तुकडा गळाला आणि ड्रायव्हरनं पुढचं हेडर नव्यानं शोधलं नाही, तर तिथून पुढं सगळंच सरकतं.

यूएसबीऐवजी यूएआरटी (तारेवरचा सिरियल दुवा) वापरत असाल तर आधी साधा हिशेब करा. ८ किलोहर्ट्झचा १६ बिटी आवाज म्हणजे एका दिशेला सेकंदाला १६,००० बाइट. १,१५,२०० बॉडवर (सेकंदाला तेवढे बिट, एका बाइटला १० बिट) सेकंदाला ११,५२० बाइटच जातात. मावणारच नाही! बॉड रेट वाढवा, आरटीएस-सीटीएसच्या, म्हणजे "थांब" आणि "पाठव" सांगणाऱ्या, तारा जोडा. त्या "नंतर बघू" म्हणून सोडलेले बोर्ड मला फार दिसतात.

आवाज मुळीच कळत नाही, नुसता पांढरा गोंगाट? तर कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत बसवायची पद्धत, तपासा. ब्लूटूथच्या बोलण्यात दोन असतात: जुना ८ किलोहर्ट्झचा सीव्हीएसडी आणि १६ किलोहर्ट्झचा एमएसबीसी. सीव्हीएसडीसाठी व्हॉइस सेटिंग साधारण हेक्स ००६०, आणि एमएसबीसीसाठी पारदर्शक मार्ग (चिपनं डेटाला हात न लावता पुढं देणं), म्हणजे ००६३. एमएसबीसीचा डेटा पीसीएम (सरळ, न दाबलेले नमुने) समजून स्पीकरला दिला की असाच गोंगाट येतो. ओळख सोपी आहे: दर ६० बाइटांना ०१ ०८, ०१ ३८, ०१ सी८, ०१ एफ८ ही माळ फिरत असते आणि प्रत्येक जोडीच्या लगेच पुढचा बाइट एडी असतो. माळेतला एखादा मणी गायब असेल तर तेवढी फ्रेम (आवाजाचा एक तुकडा) हरवली.

हरवलेली फ्रेम नुसती गाळून पुढं जाणं ही आणखी एक चूक. एचसीआय हेडरमधले दोन बिट पॅकेट धड आहे, संशयास्पद आहे, आलंच नाही की अर्धवट आलं, हे सांगतात. ते वाचा. पॅकेट खराब असेल तर त्याच्या जागी तेवढ्याच वेळाचा, एमएसबीसीत ७.५ मिलिसेकंदांचा, भरणीचा आवाज टाका. नाहीतर बफर (आवाज साठवणारी तात्पुरती जागा) रिकामा पडतो आणि एका चुकीच्या दोन होतात.

सूर चढा किंवा उतरलेला वाटला तर १ किलोहर्ट्झचा टोन पाठवा. ५०० किंवा २००० हर्ट्झ ऐकू आला तर कुठंतरी ८ आणि १६ किलोहर्ट्झची गल्लत आहे. आवाज फक्त पातळ, फोनसारखा वाटत असेल तर तो बिघाड नव्हे. सीव्हीएसडी तसाच असतो.

आणि पहिली दहा मिनिटं छान चालून मग ठरावीक अंतरानं टिक येत असेल, तर दोन बाजूंची घड्याळं जुळत नाहीत. २० पीपीएम (दहा लाखांत २०) फरक म्हणजे १६ किलोहर्ट्झवर तासाला ११५२ नमुने, ७२ मिलिसेकंद. बफर मोठा केला की टिक उशिरा येते, जात नाही. रीसॅम्पलिंग करा, म्हणजे नमुन्यांचा वेग दुसऱ्या बाजूच्या घड्याळाशी जुळवून घ्या, किंवा बाहेर जाणारी पॅकेटं आत येणाऱ्या पॅकेटांच्या तालावर सोडा: एक आलं की एक पाठवायचं.