अंग खाजवणारा कुत्रा, ड्रायपॉइंटमध्ये

ड्रायपॉइंट ही प्लेटवरून चित्र छापायची पद्धत. एचिंगसारखं इथे प्लेट कोरायला आम्ल लागत नाही, सुईने थेट प्लेट ओरखडायची. ओरखड्याच्या कडेला जी खरखरीत किनार उचलली जाते ती बर. तिच्यात शाई अडकून राहते, म्हणून छापलेली रेघ मखमली आणि जरा पसरलेली येते. केसाळ अंगासाठी याहून चांगली रेघ मला ठाऊक नाही.

१४७५च्या आसपास एका अनामिक चित्रकाराने अंग खाजवणारा कुत्रा याच पद्धतीने केला. त्याचा ठसा आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. सुई हातात घेण्याआधी तो नेटवर मोठा करून बघाच. सगळं अंग त्या खाजेभोवती वळलंय.

गल्लीतल्या कुत्र्याची स्केचेस बॉलपेनने करा. पेन्सिल नको, खोडायची सवय सुईला चालत नाही. पहिल्या प्लेटसाठी पारदर्शक ॲक्रिलिक शीट पुरे. कडा कानशीने तिरप्या घासा, नाहीतर प्रेसमध्ये कागद फाटतो. स्केच शीटखाली ठेवा, पण त्यातून फक्त पाठीचा कणा आणि पायांची दिशा घ्या. बाकीचं शीटवरच नव्याने काढायचं. छापताना डावं-उजवं उलटतं, हेही ध्यानात असू द्या.

आता खरं काम. सुई साधारण साठ अंशांवर धरली की बर भरदार उठते. फार आडवी केली तर ती शाई पुसतानाच मोडते. एकेक केस काढत बसू नका. कुत्र्याचं वजन कुठे पडलंय ते शोधा: टेकलेलं ढुंगण, जमिनीला रेटलेला पुढचा पाय. तिथे जोर द्या, रेघा एकमेकींवर चढू द्या. मानेच्या घड्या आणि पोटाखालचा भाग केसांच्या दिशेने ओरखडा. उजेडातली पाठ कोरी सोडा, ती कागद सांभाळतो. वळणावर सुई अडते, तेव्हा मनगट न पिळता प्लेट फिरवा. डोळा सगळ्यात शेवटी, दोन-तीन टिंबांत.

एचिंगची तेलशाई पुठ्ठ्याच्या पट्टीने भरा आणि जाळीच्या कापडाने हलक्या हाताने पुसा. पोटाखाली थोडी शाई मुद्दाम राहू द्या. सुती कागद अर्धा तास भिजवून टिपून घ्या. पाण्याची चकाकी गेली पाहिजे.

प्रेसखालून प्रत्येक वेळी बर दबते, तांब्याच्या प्लेटवरही दहा-वीसच दमदार ठसे निघतात. ॲक्रिलिकवर त्याहून कमी. रेघा बारीक दिसू लागल्या की मान आणि पोट पुन्हा ओरखडा आणि त्याच प्लेटचा दुसरा टप्पा छापायला घ्या.