इन्हेलरचं औषध घशात नाही, फुप्फुसात पोचवायचं कसं

श्वासनळी साधारण १० ते १२ सेंटीमीटर लांब असते. छातीत तिला दोन फाटे फुटतात, त्या फाट्यांना पुन्हा फाटे, असं सुमारे २३ वेळा झाल्यावर वायुकोश येतात. ऑक्सिजन रक्तात जातो तो तिथे. दम्यात मात्र मुख्य बिघाड वायुकोशांत नसतो, त्यांच्याकडे जाणाऱ्या नळ्यांत असतो. आतलं अस्तर सुजतं, भोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो. औषध हवं ते या नळ्यांत, आणि वाटेत घशाशी मोठं वळण आहे. पंपातून फवारा वेगाने सुटतो. त्यात श्वासही जोरात ओढला, तर बरेचसे कण वळायच्या आधीच घशाच्या मागच्या भिंतीवर आदळतात. म्हणून फवाऱ्याच्या पंपाला श्वास संथ लागतो.

पंपाचं टोपण काढून त्याच्या तोंडाच्या भागात कचरा नाही ना ते बघा आणि पंप चार-पाच वेळा हलवा. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल, तर आधी हवेत फवारे सोडावे लागतात. किती, ते माहितीपत्रकात दिलेलं असतं. ताठ बसा. तोंड बाजूला करून श्वास सावकाश पूर्ण सोडा. हीच पायरी सर्रास गाळली जाते, आणि छाती आधीच भरलेली असली की औषध ओढून घ्यायला जागा उरत नाही. आता पंपाचं तोंड दातांमध्ये धरून त्याभोवती ओठ घट्ट मिटा, जीभ खाली ठेवा. श्वास घ्यायला सुरुवात करा, लगेच पंप एकदा दाबा आणि ३ ते ५ सेकंद संथपणे ओढत राहा. मग १० सेकंद श्वास रोखा. झेपत नसेल तर जमेल तेवढा. दुसरा पफ (फवारा) घ्यायचा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पंप हलवा आणि सगळं पहिल्यापासून करा. एका श्वासात दोन पफ नकोत.

दाबणं आणि श्वास घेणं जुळत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं पोकळ नळकांडं, घ्या. खरं तर ज्यांचं जुळतं त्यांनाही तो फायद्याचाच. मोठे कण नळकांड्यातच राहतात, घसा वाचतो. एकच पफ सोडा आणि लगेच एक संथ श्वास, किंवा ५-६ साधे श्वास घ्या. काही स्पेसर फार जोरात ओढलं की शिट्टीसारखे वाजतात. धुताना साबणाच्या कोमट पाण्यात बुडवा आणि तसाच वाळू द्या. फडक्याने पुसलात तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतच चिकटून बसतं.

पावडरच्या इन्हेलरचं गणित उलटं आहे. तिथे फवारा नसतो, पावडर तुमच्या श्वासाच्या जोरावरच उडते. त्यामुळे सुरुवातीपासून जोरात आणि खोल ओढा. डोस भरल्यावर हलवू नका आणि आत फुंकू नका, ओलाव्याने पावडरच्या गुठळ्या होतात. दोन्ही प्रकार वापरणाऱ्यांची गल्लत बहुतेक इथेच होते.

स्टेरॉइड (नळ्यांची सूज कमी करणारं औषध) असलेल्या पंपानंतर चूळ भरून थुंका, गिळू नका. घशात उरलेल्या औषधाने आवाज बसतो, तोंडात बुरशी येते. या पंपाचा गुण यायला काही दिवस ते आठवडे लागतात. धाप लागल्यावर घ्यायचं साल्ब्युटामॉल हे औषध काही मिनिटांत नळ्या मोकळ्या करतं, पण सूज कमी करत नाही. त्याने बरं वाटलं म्हणून रोजचा स्टेरॉइड पंप बंद करणं धोक्याचं आहे.

पंप संपला का ते आकड्याच्या खिडकीत बघा. ती नसेल तर वापरलेले पफ लिहून ठेवा, कारण औषध संपल्यावरही नुसता वायू सुटत राहतो.

साल्ब्युटामॉल घेऊनही धाप कमी होत नसेल, वाक्य पूर्ण बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत रुग्णाला आडवं न झोपवता ताठ बसवून ठेवा.